हौ म्हणजे होकार नव्हे

अन्याय रूपाली मेश्राम हिच्यावर झाला. आमच्या अकरावीच्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी, मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या सरकारी कन्या शाळेच्या पटांगणात, सगळ्या शाळेदेखत तिच्या हातातून माइक काढून घेण्यात आला. काढून घेणारे आमचे प्राचार्य पाठक सर. जबाबदार तिघं: पाठक सर, एक बकरी आणि मी. पत्रकं लिहिणं हा आता माझा उद्योगच झाला आहे, आणि त्या उद्योगाचा माझा पहिला नियम असा, की दोषी कोण ते पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. नियम स्वतःला लावताना जरा कडू लागतो, पण लावला.

मी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा आई दारातून म्हणाली, "अवं, आत्मचरित्र म्हातारे लिहितात. तुह्ये तं अजून दात बी पडले नाईत." मी म्हटलं, म्हातारपणापर्यंत थांबले तर तोवर पाठक सरांसारखे आणखी दहा सर येऊन जातील. आई म्हणाली, "लिहो मग. पन बकरीचं लिहिजो. ते खरं हाय." म्हणजे बाकीचं खरं नाही असं तिचं म्हणणं नव्हतं, बकरीवर तिचा विशेष जीव होता, एवढंच.

आमचं घर म्हणजे जलसंसाधन विभागाचं सरकारी क्वार्टर. दोन खोल्या, मागे टिनाची पडवी, आणि समोरून दिवसभर भरवेलीच्या खाणीकडचे मॅंगनीजचे ट्रक. ट्रक गेला की मांडणीवरची ताटं वाजायची, आणि आई स्वयंपाकघरातून ट्रकवाल्याला अशा काही उपमा द्यायची की ताटंच लाजून गप्प व्हावीत. बाहेर सगळं जग हिंदीत चालायचं, दुकान हिंदी, शाळा हिंदी, भांडणसुद्धा हिंदी; पण उंबरठ्याच्या आत आईनं मराठीची चौकी बसवली होती. "पानी दो" म्हटलं तर पाणी मिळायचं नाही. घरात चिन्नोर तांदळाचा वास कायम. भात शिजला की शेजारच्या क्वार्टरमधली माणसं आमच्याकडे काही ना काही मागायला यायची आणि भातावर बोलून जायची. सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि रविवारी पोह्यांवर बाबांनी स्वतः केलेली तर्री, जी खाल्ल्यावर अर्धा तास कोणी कोणाशी बोलू शकायचं नाही. बाबांना तो अर्धा तास फार आवडायचा.

कारण बाबा बोलत नसत. ते विभागात ड्राफ्ट्समन होते. वैनगंगेचे कालवे, पाटचाऱ्या, बांध यांचे नकाशे काढायचे. आयुष्यभर रेघा ओढून त्यांना शब्दांचा कंटाळा आला होता, किंवा शब्द मुळातच कमी मिळाले होते. त्यांच्याकडे एक शब्द मात्र भरपूर होता: हौ. बाहेरच्याला वाटायचं हा माणूस सगळ्याला हो म्हणतो. विमावाला यायचा, तासभर बोलायचा, बाबा तासभर हौ हौ करायचे, तो खुशीत फॉर्म काढायचा आणि बाबा म्हणायचे, "चहा घ्या अन् या आता." तो बिचारा चपला घालताना आमच्याकडे असा बघायचा जणू आम्ही त्याला लुटलं.

घरात मात्र हौची उजळणी आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. आखूड हौ म्हणजे कानावर पडलं. लांबवलेला हौऽऽ म्हणजे चालू ठेव, मी ऐकून राह्यलो. "हौ का?" म्हणजे तू खोटं बोलून राह्यली. लागोपाठ दोनदा, हौ हौ, म्हणजे पुरे, तोंड बंद. आणि खरा होकार एकच: "हौ, बरं." त्या बरंशिवाय बाबांकडून आजवर कोणाला काही मिळालेलं नाही. मला सायकल मिळाली ती बरंनंतर. आई सांगते, लग्न ठरवायला तिचे वडील आले तेव्हा बाबा दोन तास हौ म्हणत होते आणि तिचे वडील कपाळाला कुंकू लावून घ्यायला तयार बसले होते. बरं आला तो त्यांनी परत निघायला बैल गाडीला जुंपल्यावर.

आता शाळा. रूपाली माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील वीज खात्यात लाइनमन, आम्ही मेश्राम काका म्हणायचो. घर बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि फोटोखाली प्लायर, टेस्टर, वायरींची भेंडोळी. रूपालीचा आवाज असा होता की प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावरचे रिक्षावाले ब्रेक लावायचे. नववीपासून सकाळची प्रार्थना तीच म्हणायची. प्रार्थना साधी, हे ईश्वर आम्हाला चांगलं वागायची बुद्धी दे, या छापाची. मग प्रतिज्ञा, मग राष्ट्रगीत. रूपाली सगळं मनापासून गायची. त्या वर्षी पाठक सर आले, रीवाकडचे, मराठीचा गंध नसलेले. माणूस वाईट नव्हता हे मी माझ्या मर्जीविरुद्ध लिहिते आहे. आल्या आठवड्यात त्यांनी मुलींच्या संडासांना कड्या लावून घेतल्या, जे आधीच्या तिघांना सुचलं नव्हतं. राजनीति विज्ञान स्वतः शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे. पण त्यांचं ठाम मत होतं की प्रार्थना फारच अळणी आहे. म्हणून त्यांनी तिच्यामागे देवीची एक स्तुती जोडली, स्वतः रचलेली, अकरा कडव्यांची. चपला काढायच्या, डोळे मिटायचे, हात जोडायचे. जी हात जोडणार नाही ती सभा सुटल्यावर उभी राहणार.

रूपालीनं यावर काय केलं ते तेव्हा कोणालाच कळलं नाही, आणि हीच तिची हुशारी. आमच्या ॲम्प्लिफायरची एक वायर ढिली होती. धरून ठेवली नाही तर भोंगा कुत्र्यासारखा केकाटायचा. प्रार्थनेला ती शेजारची मुलगी धरायची; स्तुती सुरू झाली की रूपाली माइक तिच्या हातात द्यायची आणि खाली बसून दोन्ही हातांनी स्वतः वायर धरायची. लाइनमनची पोर, कोणाला वावगं वाटणार? दोन्ही हात वायरीला, जोडणार कोणते? स्तुती संपली की उठून माइक परत घ्यायची आणि राष्ट्रगीत सुरू. दोन महिने हे चाललं. पाठक सर तिचं कौतुक करायचे: "देखो, सेवा भाव!"

आणि मग मी घटना वाचली. घटना म्हणजे संविधान. आम्ही घरात घटनाच म्हणायचो, त्यामुळे आईला आधी वाटलं कुठे अपघात झाला. राजनीति विज्ञानाच्या पुस्तकात अनुच्छेद अठ्ठावीस होता. जी शाळा पूर्णपणे सरकारच्या पैशावर चालते तिथे धर्माचं शिक्षण देता येणार नाही. आणि सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि वय लहान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, अशा शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. मी ते तीनदा वाचलं. माझ्या अंगातून वीज गेली. मी काही देवाच्या विरोधात नव्हते. गणपतीत आमच्या पडवीतली झांज माझ्याशिवाय कोणाच्या हाती लागायची नाही. त्यावरून आईनं टोमणाही मारला, "घरी झांज फुटेलोक वाजवतं, अन् शाळेत हात जोडाले तुले काय झालं वो?" मी म्हटलं, "घरी मी आपल्या मनानं वाजवते." आई जरा थांबली, मग म्हणाली, "मंग मनानंच जरा हळू वाजवत जाय." पण मुद्दा तिला पटला होता, हे मला तिच्या थांबण्यावरून कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. बाबांचा जाड ट्रेसिंग पेपर, बाबांचं काळं पेन, आणि बाबांच्याकडून शिकलेलं नकाशाचं अक्षर, ताठ, सरळ, कालव्याच्या नावांसारखं. वर मोठ्या अक्षरात हिंदीत लिहिलं: रूपाली मेश्राम पर अत्याचार! उससे जबरन स्तुति कराई जा रही है! खाली अनुच्छेद. त्याखाली मागण्या. पहिली मागणी: रूपाली माइकवर राहील, फक्त स्तुतीची सक्ती जाईल. फार न्याय्य पत्रक होतं. एकच गोष्ट राहिली होती. रूपालीला मी विचारलं नव्हतं. ते डोक्यातच आलं नाही. मी तिच्या बाजूनं होते ना. विचारायचं काय त्यात?

सोमवारी पावणेदहाला मी ते शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चिकटवलं. डिंक नव्हता, म्हणून आईनं टाकलेल्या चिन्नोरच्या शिळ्या भाताची खळ केली होती, चांगली दाट, सुगंधी. सव्वादहाला शिपायाची बकरी आली. तिला दोष देणं अन्याय ठरेल. सगळ्या जिल्ह्याला ज्या भाताचा मोह होतो, तो तिच्या तोंडाच्या उंचीवर लावून ठेवला होता. तिनं खालून सुरुवात केली. मागण्या खाल्ल्या, मग अनुच्छेद खाल्ला. शिपायानं हाकललं तेव्हा टाकीवर फक्त वरच्या दोन ओळी शिल्लक होत्या, उद्गारचिन्हांसकट.

पाठक सरांनी त्या दोन ओळी वाचल्या, आणि अक्षरही वाचलं. शाळेच्या हॉलमध्ये कालव्यांचा मोठा नकाशा लावलेला आहे, बाबांनीच काढून दिलेला. तेच ताठ अक्षर, तोच लांब पायाचा र. सरांनी टाकीकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माइकपाशी गेले. त्यांचा चेहरा रागापेक्षा दुखावलेला होता, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "हमारे यहाँ किसी पर अत्याचार नहीं होता. रूपाली बेटा, तुम्हें कष्ट है तो तुम रहने दो. कल से कोई और गाएगी." आणि माइक घेतला. दहा पस्तीस. रूपाली रांगेत जाऊन उभी राहिली. तिनं मागे वळून मला शोधलं, आणि मला त्या वेळी बकरीच्या जागी असणं परवडलं असतं.

मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर शिंगाडेवाल्यापाशी ती मला भेटली. शिंगाडे उकडलेले होते, काळे, गरम. ती एकेक दातानं फोडत होती आणि मला वाटत होतं की ते माझंच डोकं आहे.

"मुक्ता, तुले कोनं सांगतलं होतं?"

"कोणी नाही. पण ते कायद्याच्या विरुद्ध आहे."

"मी तुले कायदा नाई विचारून राह्यली. तुले कोनं सांगतलं होतं माह्यं नाव लिहाले?"

मी अनुच्छेदाचा नंबर सांगितला. तिनं साल थुंकली.

"दोन महिने वायर धरून बसली मी. कोनाले पत्ता नाई. गानं बी चालू, हात बी मोकळे. आता रांगेत उभी, सगळ्याईच्या समोर, हात जोडाव लागन. अन् सव्वीस जानेवारीले मैदानावर जे जाईन ते आता दुसरीच. तुह्या अठ्ठावीसनं माह्यी सव्वीस खाल्ली!"

तिथे खरी गोष्ट होती. त्या वर्षी मैदानावर, साऱ्या शाळांसमोर, राष्ट्रगीत उचलायचा मान आमच्या शाळेकडे होता, आणि जी मुलगी रोजची प्रार्थना म्हणते तीच जाते, हा रिवाज होता. रूपालीच्या आईनं त्यासाठी पांढरा सलवार-कुर्ता शिवायला टाकला होता. मेश्राम काकांनी, मैदानावरच्या खांबांचं काम त्यांच्याचकडे असल्यानं, भोंगे कुठे लावायचे तेही मनात ठरवून ठेवलं होतं.

मंगळवारी दोन्ही बापांना बोलावणं आलं. आम्हाला दोघींना ऑफिसच्या दाराबाहेर उभं केलं होतं. दार अर्धं उघडं. बाबा आणि मेश्राम काका खुर्च्यांवर कडेकडेला बसलेले, सरकारी माणसं दुसऱ्या सरकारी माणसासमोर बसतात तशी. पाठक सर बोलत होते, समोर एक नवीन रजिस्टर उघडलेलं. "देखिए, ये धर्म नहीं है, संस्कार है."

"हौऽऽ," बाबा म्हणाले.

"बच्चियाँ सब एक साथ हाथ जोड़ें तो एकता बनती है."

"हौऽऽ." हा मेश्राम काकांचा. त्यांच्या घरीही तोच शब्द, त्याच रीतीचा.

"तो रूपाली और मुक्ता भी पंक्ति में रहें, स्तुति करें. माइक कोई और देख लेगी. ठीक?"

"हौ," बाबा. आखूड. कानावर पडलं.

"हौ," मेश्राम काका.

प्रत्येक हौला सरांचं पेन रजिस्टरवर पुढे सरकत होतं. मी बाहेरून ते पाहत होते. आत जाऊन ओरडावंसं वाटत होतं, की सर, हा विमावाल्याचा हौ आहे! पण शिपाई दारात होता, आणि त्याची बकरी आधीच माझ्यामुळे बदनाम झालेली.

बुधवारी प्रार्थनेला सरांनी वाचून दाखवलं: दोनों अभिभावकों की मौखिक सहमति प्राप्त. मौखिक सहमती! म्हणजे तोंडी होकार. मग स्तुती सुरू झाली, वायर धरायला कोणी नव्हतं, आणि भोंगा पहिल्या कडव्यापासून अकराव्यापर्यंत केकाटत राहिला. रूपालीनं रांगेत हात जोडले. डोळे मिटले नाहीत. सरळ समोर पाहत राहिली. मी आजही त्या डोळ्यांसाठी लिहिते. बाकी सगळं, कायदा, अनुच्छेद, ते नंतर येतं.

त्या दिवशी परत येताना मी पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तिला उत्तर द्यायला पाव किलो शिंगाडे लागले. मग म्हणाली, "मले माइक पाहिजे. स्तुती नाई पाहिजे. जिले म्हनायची तिनं म्हनो, माह्यं काई नाई. अन् चोरून नाई करायचं आता. वायर धरून लपायचं नाई. अन् तुही मदत नाई पाहिजे." थोडं चालल्यावर म्हणाली, "थोडीशी पाहिजे."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की तुमच्या हौचा होकार झाला आणि रजिस्टरमध्ये चढला. बाबांनी ताटातला हात थांबवला.

"मी कबूल कुठं केलं? मी तं ऐकून राह्यलो होतो."

"पाठक सरले काय माहीत वो!" आई कडाडली. "ते रीवाचे. तुमचा हौ समजाले मले अकरा वर्षं लागले, त्याईले अकरा मिनिटांत समजन काय?" मग माझ्याकडे वळून, "अन् तू! तुह्या मैत्रिणीले न इचारता तिचं नाव टाकीवर चिकटवलं. तुह्यात अन् त्या सरात फरक काय राह्यला? त्यानं बापाचा होकार लिहिला, तू पोरीचा."

एक ट्रक गेला. ताटं वाजली. आईनं ट्रकला काही म्हटलं नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजावं. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. ताटात हात धुऊन बाबा म्हणाले, "उद्या मेश्रामले घेऊन जातो. हौ, बरं." आम्ही काही मागितलंच नव्हतं, त्यांनी स्वतःलाच होकार दिला होता.

गुरुवारी ऑफिसात आम्ही पाचजण होतो: दोन बाप, दोन मुली आणि सर. बाहेर पटांगणात प्रार्थना चालू होती आणि भोंगा केकाटत होता. बाबांनी रजिस्टर मागून घेतलं. खिशातून आपलं नकाशाचं पेन काढलं. नकाशात चूक झाली तर बाबा खोडरबर वापरत नसत. चुकीवर एक बारीक सरळ रेघ मारायची, जेणेकरून खालचं वाचता येईल, आणि शेजारी दुरुस्ती लिहून सही करायची. तसंच केलं. "मौखिक सहमति प्राप्त" यावर एक रेघ, आणि शेजारी ताठ अक्षरात: सुना है, माना नहीं. सही. पेन मेश्राम काकांच्या हातात दिलं. त्यांनी खाली सही केली, इतकी दाबून की पुढच्या तीन पानांवर उमटली.

पाठक सर बाबांकडे वळले. "पर काले साहब, आपने खुद 'हौ' कहा था!"

"कहा था. उसका मतलब, आगे बोलिए."

"तो आप लोगों में हाँ को क्या कहते हैं?"

"हौ," मेश्राम काका म्हणाले.

सरांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "तो फ़र्क़ कैसे पता चले?"

"पूछना पड़ता है," बाबा म्हणाले. माझ्या आठवणीत बाबांनी घराबाहेर उच्चारलेलं हे सगळ्यात लांब तत्त्वज्ञान.

मी लगेच पुढे सरसावले. अनुच्छेद अठ्ठावीस, खंड तीन, सक्ती, उपासना, अल्पवयीन, असं जोरात सुरू झाले. बाबा म्हणाले, "हौ हौ." मी तोंड मिटलं. रूपाली मात्र हलली. तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पान उघडून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि बोट टेकवलं. समासात पेन्सिलनं लिहिलेलं होतं: अति महत्त्वपूर्ण, परीक्षा में ज़रूर आएगा. सगळ्या वर्गाच्या पुस्तकात ते तसंच होतं, कारण सरांनीच ते लिहून घ्यायला लावलं होतं. सर ते पान बराच वेळ वाचत राहिले. स्वतःच शिकवलेली गोष्ट दुसऱ्याच्या बोटाखाली वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि त्यानंतर त्यांचा पूर्ण राग मला कधी करता आला नाही. पुष्कळ प्रयत्न केला.

"ये तो मैंने ही लिखवाया है," ते हळू म्हणाले. बाहेर भोंग्यानं एक लांबलचक किंकाळी मारली. सरांनी कानावर हात ठेवले. "अरे मेश्राम, जाओ, पहले वो देखो!"

ही त्यांची माघार होती आणि आम्हाला सगळ्यांना ती कळली. मी तर दाराकडे वळलेसुद्धा. रूपाली जागची हलली नाही.

"सर, पहले रजिस्टर में लिख दीजिए."

"क्या लिख दूँ?"

"मुझसे पूछिए."

सरांनी चष्मा पुसला. मग, प्राचार्य झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी एका मुलीला विचारलं, "तुम क्या चाहती हो, बेटा?" आणि तिनं शिंगाड्यांच्या वेळी सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमानं, स्वच्छ हिंदीत सांगितलं. सरांनी लिहिलं. जिला म्हणायची नाही तिनं शांत उभं राहावं, हात कसे ठेवायचे तो तिचा प्रश्न, आणि माइक रूपालीकडे. मेश्राम काकांनी बाहेर जाऊन ती वायर एकदाची पक्की जोडून टाकली. टेस्टर खिशात ठेवताना म्हणाले, "आता कोनाले धराव लागत नाई." रूपाली हसली. मी पण हसले, पण मला ते जरा उशिरा समजलं.

सगळं जिंकलो असं मी लिहिणार नाही. खोटी पत्रकं मी लिहीत नाही. स्तुती गेली नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ती मुळात आली कशी, हा माझा प्रश्न बाबांच्या "हौ हौ"त अडकला तो आजतागायत उभा आहे. पण स्तुतीच्या वेळी रूपाली माइक शेजारणीला देऊन नुसती उभी राहू लागली, हात बाजूला, उघडपणे. आठवड्यानं आणखी दोघी तशा उभ्या राहिल्या. मग लांजीकडून आलेली एक, मग वसतिगृहातल्या लामत्याच्या काही. आणि हेही सांगायला हवं की कितीतरी जणी मन लावून हात जोडत राहिल्या, कारण त्यांना तेच हवं होतं. सव्वीस जानेवारीला पांढऱ्या कुर्त्यातल्या रूपालीनं राष्ट्रगीताची पहिली ओळ उचलली तेव्हा मेश्राम काका खांबावर चढलेले होते, भोंग्याच्या शेजारी, कारण सावधान उभं राहायला त्यांना तीच जागा मिळाली.

आज रूपाली लालबर्ऱ्याच्या एका सरकारी शाळेत संगीत शिकवते. हे प्रकरण छापायला देण्याआधी मी तिच्याकडे नेलं. एवढं तरी मी शिकले आहे. तिनं शेवटपर्यंत वाचलं, बकरीपाशी हसली, आणि म्हणाली, "हौ." मी विचारलं, "कोणता हौ?" तिनं मला पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "हौ, बरं!"

तेव्हापासून माझ्या पत्रकात मागणी सगळ्यात वर असते, बकरीच्या तोंडापासून लांब. इथे मात्र शेवटी ठेवली आहे, कारण तुम्ही इथवर आलात म्हणजे कोणी ती खाल्लेली नाही. तुमचं लेकरू सरकारी शाळेत जात असेल तर आज त्याला विचारा, प्रार्थनेला तू काय म्हणतोस, काय म्हणावं लागतं, आणि तुला काय म्हणायचं आहे. उत्तराला पाव किलो शिंगाडे लागले तर लागू द्या. मग उद्या शाळेत जा, रजिस्टर मागा, आणि तुमच्या नावापुढे तुमचा होकार कोणी लिहून ठेवला आहे का ते बघा. असेल आणि तो तुमचा नसेल, तर एक सरळ रेघ मारा आणि सही करा.

आता हौ म्हटलंत ना? ऐकलं मी. पुढचा शब्द म्हणा.